कीटकसदृश उड्डाणयंत्रे

कीटकाएवढ्या आकाराची व त्याच्याप्रमाणेच पंख फडफडवून उडणारी यंत्रे. हेरगिरी, ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसांचा शोध, पिकांचे परागण इ. कामी ती उपयोगी पडतील, अशी अपेक्षा वेळोवेळी व्यक्त झाली आहे. तथापि त्यांचा आजवरचा इतिहास मुख्यतः प्रयोगशाळेत घडला आहे.

कीटकाच्या उड्डाणाचा पद्धतशीर अभ्यास फ्रेंच शरीरक्रियाविज्ञ एत्येन झ्यूल मारे यांनी १८६०–७० या दशकात केला. गांधील माशीच्या पंखांच्या टोकांना सोन्याचा वर्ख लावून, ती टोके हवेत इंग्रजी आठाच्या आकृतीसारखा मार्ग आखतात, असे त्यांनी दाखविले. ह्या हालचालीने कीटकाचे वजन कसे पेलले जाते, हे मात्र उलगडले नाही. १९३४ मध्ये आंत्वान मान्याँ यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत असे नमूद केले की, हवेच्या रोधाचे नियम लावले असता कीटकांचे उड्डाण अशक्य ठरते. पुढे ही गोष्ट एकट्या भुंग्याच्या नावावर चढली आणि विज्ञानाची टर उडविण्यासाठी सांगितली जाऊ लागली. वस्तुतः स्थिर पंखांना लागू पडणारे नियम वेगाने फडफडणाऱ्या पंखांना लावल्यामुळे तो निष्कर्ष निघाला होता.

हे कोडे सुटण्यापूर्वीच असे एक यंत्र हवेत उडाले. चोरून ऐकण्याचे साधन इच्छित स्थळी पोहोचविण्यासाठी अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तवार्ता संस्थेने १९७०–८० या दशकात ते तयार करविले. प्रथम भुंग्याचा विचार झाला; पण त्याचे उड्डाण अनियमित असल्याने चतुर हा कीटक निवडण्यात आला. सु. ६ सेंमी. लांब व १ ग्रॅ. वजनाच्या ह्या यंत्राचे पंख वायूच्या दाबाने हलत, तर दिशा लेसर शलाकेने दिली जाई. ते सु. ६० सेकंदांत २०० मी. अंतर कापू शके. मात्र आडवा वारा त्याला सहन होत नसे. त्यामुळे प्रत्यक्ष हेरगिरीत ते कधीच वापरले गेले नाही.

पंखांचे कोडे शतकाच्या अखेरीस बव्हंशी सुटले. केंब्रिज येथील चार्ल्स एलिंग्टन व त्यांचे सहकारी यांना १९९६ मध्ये असे आढळले की, मोठ्या पतंगाच्या पंखाच्या पुढील कडेवर हवेचा भोवरा चिकटून राहतो व तो पंखाला वर उचलतो. कॅलिफोर्नियातील मायकेल डिकिन्सन यांनी फलमाशीच्या पंखाची २५ सेंमी. लांबीची प्रतिकृती खनिज तेलाच्या टाकीत अगदी संथपणे हलविली. तेलाच्या दाटपणामुळे मोठ्या, संथ पंखाभोवतीही माशीच्या पंखाभोवती असतो तसाच प्रवाह निर्माण होतो. पंख उलटताना होणारे वळणे आणि मागे राहिलेल्या भोवऱ्यांचा पुन्हा होणारा उपयोग, ह्यांपासूनही उचल मिळते, हे १९९९ मध्ये ह्यावरून स्पष्ट झाले.

हार्व्हर्ड विद्यापीठातील रॉबर्ट वुड यांच्या सु. ६० मिग्रॅ. वजनाच्या यंत्राने २००७ मध्ये उभ्या मार्गदर्शक तारांच्या आधाराने प्रथम जमीन सोडली. २०१३ मध्ये ८० मिग्रॅ.चे यंत्र हवेत तरंगू व हवे तसे वळू लागले. विद्युत् दाब देताच वाकणाऱ्या स्फटिकपट्ट्या त्याचे पंख सेकंदाला सु. १२० वेळा हलवीत. आज्ञा व वीज दोन्ही मात्र बारीक तारांमधून येत. दाव्याला बांधलेल्या वासरासारखी ही स्थिती होती, आणि अडचण येथेच आहे. एक ग्रॅम साखरेत सु. १६ किलोजूल ऊर्जा असते, तर तेवढ्याच वजनाच्या लिथियम विद्युत् घटात सु. १ किलोजूल किंवा त्याहूनही कमी. माशीच्या स्नायूंत साखरेतील बरीचशी ऊर्जा उष्णतारूपाने वाया जाते, हे धरूनही तिचे पारडे जडच राहते. शिवाय स्फटिकांना लागणारा उच्च विद्युत् दाब निर्माण करणाऱ्या मंडलाचे वजन वेगळेच.

वॉशिंग्टन विद्यापीठातील १९० मिग्रॅ.च्या यंत्राने २०१८ मध्ये लेसर किरणांवर, तर हार्व्हर्डच्या २५९ मिग्रॅ.च्या चार पंखी यंत्राने २०१९ मध्ये प्रकाशविद्युत् घटांवर तारेवाचून उड्डाण केले. दुसऱ्याला सूर्यप्रकाशाच्या सु. तिप्पट तीव्रतेचा प्रकाश लागला व उड्डाण एका सेकंदाच्या आतच आटोपले. २०१३ पासून अफगाणिस्तानात ब्रिटिश सैनिकांनी वापरलेल्या ‘ब्लॅक हॉर्नेट’ या हेरयंत्राचे नाव गांधील माशीचे असले, तरी रचनेने ते छोटे हेलिकॉप्टरच आहे. २०२५ मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील संशोधकांनी मऊ, रबरी स्नायूंवर चालणारे सु. पाऊण ग्रॅमचे यंत्र सु. १,००० सेकंद तरंगत ठेवल्याचे जाहीर केले. त्यालाही वीज तारेनेच पुरविली जात होती.