टाक्यांची खतावणी

आम्ही बँकवाले व्हाऊचर असल्याशिवाय नोंद करत नाही. इतिहासाचं तसं नाही. तिथं नोंद आधी होते आणि व्हाऊचर पुढची पिढी शोधत बसते. आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी अरन नावाची तीन बेटं आहेत. तिथल्या कोळ्यांच्या जाड, पांढुरक्या स्वेटरचंच बघा ना!

हा स्वेटर म्हणजे लोकरीत विणलेला समुद्रकिनारा. त्यावर दोरखंडासारखे पीळ असतात, शंकरपाळ्यासारखे चौकोन असतात. पीळ घालायची रीत मोठी मजेदार. चार टाके तिसऱ्या सुईवर बाजूला ठेवायचे, पुढचे चार आधी विणायचे, मग बाजूचे घ्यायचे. थोडक्यात, रांगेत मागे उभा असलेल्याचं काम आधी! आमच्या काउंटरवर यावरून मारामारी होते, लोकरीत नक्षी होते.

आख्यायिका अशी, की प्रत्येक घराण्याची नक्षी वेगळी. का, तर बुडालेल्या माणसाचं प्रेत ओळखता यावं. ऐकून कुणाचेही डोळे पाणावतील. पण व्हाऊचर कुठाय? जवळात जवळचं सापडतं ते जे. एम. सिंज यांच्या ‘रायडर्स टु द सी’ या 1904 साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात. तिथं बहीण बुडालेल्या भावाला ओळखते खरी, पण पायमोज्यावरून! आणि तेही घराण्याच्या नक्षीवरून नव्हे, स्वतः विणलेले टाके मोजून. मोज्याचा स्वेटर लोकांनी नंतर केला.

पुढे 1936 साली ऑक्सफर्डचे लोकरीचे दुकानदार हाइन्झ किवे यांनी डब्लिनमध्ये असा एक स्वेटर विकत घेतला. त्यांना त्यात ‘बुक ऑफ केल्स’ या सुमारे बाराशे वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितातली वेलबुट्टी दिसली. झालं! स्वेटरचं वय एका रात्रीत हजार वर्षांनी वाढलं. एवढं चक्रवाढ व्याज आमची कुठलीच योजना देत नाही.

खरा हिशेब साधा आहे. ही नक्षी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. दुसऱ्या किनाऱ्यांवरच्या कोळ्यांच्या जर्सी पाहून बेटांवरच्या बायका शिकल्या आणि त्यात स्वतःची भर घालत गेल्या. मुरिएल गहन यांनी 1930 साली डब्लिनमध्ये काढलेल्या ‘कंट्री शॉप’मधून तो माल शहरात विकला जाऊ लागला. 1961 साली क्लॅन्सी बंधू हे गायक असे स्वेटर घालून अमेरिकन टेलिव्हिजनवर झळकले आणि मागणी अशी वाढली, की सुयांना उसंत मिळेना.

हे सगळं मी हिला सांगितलं. सुईवरची नजर न काढता ही म्हणाली, “बाईनं केलं म्हटलं की हातकाम, आणि पूर्वजांनी केलं म्हटलं की परंपरा!”

माझी बी.कॉम.ची पदवी यापुढे गप्प बसली. कारण खातं उघडून पाहिलं तर जमेच्या बाजूला मठातले साधू आहेत, घराणी आहेत, बुडालेले कोळी आहेत. ज्यांनी डोकं चालवून नक्षी काढली आणि ती विकून घरात चार पैसे आणले, त्या बायकांच्या नावावर मात्र एक टाकासुद्धा जमा नाही.