वाळू, मळी आणि रेझिन : कोल्हापूरच्या ओतकामातले अल्डिहाइड

#थ्रेड

कोल्हापूरचा औद्योगिक इतिहास सांगताना म्हादबा मेस्त्रींचे नाव येते, शिवाजी उद्यमनगर येते, ऑइल इंजिने येतात. वाळू मात्र राहून जाते. आज तिच्याविषयी, आणि तिला धरून ठेवणाऱ्या रसायनाविषयी.

इंजिनाच्या ब्लॉकमधील पोकळ्या ओतकामातच घडवाव्या लागतात. त्यासाठी साच्यात वाळूचा कोअर बसवतात. वितळलेले लोखंड त्याच्याभोवती भरते. ते गोठल्यावर कोअर फोडून काढतात. म्हणजे कोअरने आधी तो ताप सोसायचा आणि मग मुकाट्याने भुगा व्हायचे!

पूर्वी वाळू बांधण्यासाठी मळी, डेक्स्ट्रिन किंवा जवसाचे तेल वापरीत आणि कोअर भट्टीत भाजीत. मळीचा कोअर दमट हवेत ओल धरतो. ओलीची वाफ होते आणि कास्टिंगमध्ये छिद्रे पडतात. पंचगंगेकाठच्या पावसाळ्यात हे किती जाचक ठरले असेल, याची कल्पना करावी.

१८३५ मध्ये लीबिगने हायड्रोजन गमावलेल्या अल्कोहोलला ‘अल्डिहाइड’ हे नाव दिले. (गंमत अशी की, मळीतील ग्लुकोजच्या रेणूतही हाच गट दडलेला असतो.) या कुळातील सर्वांत लहान रेणू फॉर्मल्डिहाइडचा. फिनॉलशी त्याचा संयोग झाला की असे जाळे विणले जाते, जे तापवूनही पुन्हा वितळत नाही. १९०७ मध्ये लिओ बेकलंड यांनी ही प्रक्रिया काबूत आणली, तेच बेकेलाइट. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीतील योहानेस क्रोनिंग यांनी हे रेझिन वाळूत मिसळले. तापलेल्या धातूच्या नमुन्यावर त्या वाळूचे पातळ, कडक कवच तयार झाले. फाउंड्रीतला ‘शेल’ हा शब्द तिथला.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या वाहनांच्या व ट्रॅक्टरच्या सुट्या भागांकडे वळल्या, त्यामागे जिद्दीइतकाच या रेझिनचाही वाटा आहे, असे माझे मत आहे. मळीच्या कोअरवर इतकी अचूकता साधली नसती.

परंतु रेझिन घट्ट करणारे हेक्झामीन तापले की अमोनिया आणि फॉर्मल्डिहाइड सुटतात. डोळे चुरचुरतात, घसा धरतो. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला मानवी कर्करोगाचे निश्चित कारण ठरवले. उद्योगाच्या गौरवकथांत मालकांच्या तसबिरी असतात; तो वास घेत कोअर भरणारे हात त्यांत शोधावे लागतात.

तुमच्या घरातील कोणी कोअर शॉपमध्ये राबले असेल, तर त्यांना मळीचे दिवस आठवतात का, ते विचारा आणि खाली लिहा.