मल्टिपल स्क्लेरोसिसमधील दृष्टिदोषांचे निदान

मल्टिपल स्क्लेरोसिस अर्थात एमएस या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू व दृष्टिचेता यांतील तंतूंभोवतीचे मायलिन आवरण नष्ट करते. सुमारे २० टक्के रुग्णांत आजाराची सुरुवात दृष्टिचेतेच्या दाहाने होते. अशा वेळी दोष नेत्रगोलात नसून चेतेत असतो. त्यामुळे चष्म्याचा नंबर बदलून दृष्टी सुधारत नाही.

लक्षणे

दृष्टिचेतादाहात बहुधा एका डोळ्याची दृष्टी काही तासांत वा दिवसांत मंदावते, डोळा हलवताना दुखते आणि लाल रंग फिका भासतो. मेंदूच्या स्तंभातील दोषामुळे एकाची दोन चित्रे दिसणे किंवा बुबुळे थरथरणे हेही आढळते. शरीराचे तापमान वाढल्यास दृष्टी तात्पुरती धूसर होते; यास उथॉफ लक्षण म्हणतात. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांतील उकाड्यात असा अनुभव आल्यास तो नवा झटका आहे की उष्णतेचा परिणाम, हे तपासावे लागते.

तपासण्या

दोन्ही डोळ्यांवर आळीपाळीने प्रकाश टाकला असता बाधित बाजूची बाहुली आकुंचन पावण्याऐवजी रुंदावते. दोन्ही चेता सारख्याच बाधित असल्यास हे चिन्ह मिळत नाही. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत दाह नेत्रगोलामागे असल्याने नेत्रतळ सुरुवातीस निरोगी दिसतो. व्हीईपी चाचणीत मेंदूपर्यंत संदेश उशिरा पोहोचल्याचे कळते. दृष्टी परतल्यावरही हा विलंब टिकू शकतो, म्हणून लक्षात न आलेला जुना दाहही उघड होतो. ओसीटी चाचणीत दृष्टिपटलावरील तंतुस्तराची झीज मोजतात. एमआरआयमध्ये चेतेचा दाह व मेंदूतील चट्टे दिसतात. मॅकडोनाल्ड निकषांच्या २०२४ च्या आवृत्तीत दृष्टिचेतेला आजाराचे पाचवे स्थान म्हणून मान्यता मिळाली.

विभेदक निदान

न्युरोमायलायटिस ऑप्टिका या आजारातही दृष्टिचेतादाह होतो. परंतु एमएसवरील काही औषधांनी तो बळावतो. त्यामुळे शंका असल्यास ॲक्वापोरिन-४ प्रतिपिंडांची रक्ततपासणी करतात. क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉल औषधानेही दृष्टिचेतेस इजा होते. तीत सहसा वेदना नसतात व दोन्ही डोळे बाधित होतात.

साहाय्य

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेची पुण्यात शाखा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एमएसचा समावेश असल्याने निदानाचे अहवाल दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठीही उपयोगी पडतात.