दूरचे दप्तर, घरची प्रत

नाशिककरांना वहीचे महत्त्व सांगायला नको. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या यात्रेकरूंच्या कुळांच्या नोंदी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरत आल्या आहेत. यात्रेकरू वऱ्हाडातला असो की कोकणातला, पणजोबाच्या हातची ओळ पाहायची तर त्याला गोदाकाठी येणे भाग. वही जागची हलत नसे. माणूस हलत असे. कागद एका गावी आणि वाचणारा दुसऱ्या गावी, ही अडचण लेखनकलेइतकीच जुनी आहे, आणि तिच्यावर शतकानुशतके दोनच तोडगे चालत आले. मूळ कागदच उचलून आणावा, नाही तर लिहिणारा पाठवून नक्कल आणवावी. पहिल्यात मूळ गमावण्याचे भय, दुसऱ्यात नक्कल चुकण्याचे.

दुसऱ्या तोडग्याचे सर्वांत भव्य उदाहरण आपल्या शेजारीच, पुण्यात घडले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. ती १९६६ साली पुरी झाली. पोथ्या देशभर विखुरलेल्या. काही पुण्यास आल्या, पण सगळ्या येणे शक्य नव्हते. म्हणून तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आणि शांतिनिकेतनात विश्वभारतीमध्ये पाठ ताडून पाहण्याची केंद्रे उघडली गेली. तेथले पंडित पोथी समोर ठेवून, ठरलेल्या आखीव कागदांवर, ठरलेल्या पद्धतीने पाठभेद मांडीत आणि ते कागद पुण्यास रवाना होत. पोथी तंजावरासच राहिली. तिचा पाठ पुण्यास आला. ह्या योजनेत तीन गोष्टी गृहीत होत्या. तेथल्या संस्थेने दार उघडले पाहिजे, दोन्हीकडच्या माणसांनी लिहिण्याची एकच रीत मानली पाहिजे, आणि आलेला पाठ तपासून घेण्याची काही सोय पाहिजे. परवानगी, संकेत आणि पडताळा. दूरच्या संगणकातली फाइल आपल्या संगणकात आणण्याचा जो इतिहास मला सांगायचा आहे, तो ह्या तिघांचाच इतिहास आहे.

‘डाउनलोड’ ह्या इंग्रजी शब्दाला मराठीत ‘उतरवून घेणे’ असे म्हणतात, आणि मला तो मूळ शब्दाहून नेमका वाटतो. गाडीतून पोते उतरवले की गाडी रिकामी होते. पण विद्यार्थी फळ्यावरचे गणित उतरवून घेतो तेव्हा फळा रिकामा होत नाही. संगणकाची फाइल ह्या दुसऱ्या अर्थाने उतरते. मूळ जेथल्या तेथे, आणि तिची तंतोतंत जुळी प्रत आपल्या घरी.

अमेरिकेत ‘आर्पानेट’ ह्या जाळ्यावर २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे पहिला शब्द निघाला. त्याची दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. पुढे दीड वर्षात दहा-पंधरा ठिकाणे तारेने जोडली गेली. पण त्यांचा उपयोग काय? दूरच्या यंत्रात शिरून तेथे बसल्यासारखे काम करता येई. म्हणजे ग्रंथालयात बसून वाचण्याची मुभा, पुस्तक घरी न्यायची नाही. शिवाय प्रत्येक यंत्राचा स्वभाव वेगळा. एकाचा शब्द छत्तीस बिटांचा, दुसऱ्याचा बत्तीसांचा. इंग्रजी मोठे ‘ए’ हे अक्षर एका संकेतात ६५ ह्या अंकाने लिहीत, तर आय.बी.एम.च्या संकेतात १९३ ह्या अंकाने. अशा यंत्रांनी एकमेकांचे दप्तर वाचायचे कसे?

ह्या प्रश्नाला पहिले व्यवस्थित उत्तर दिले ते अलाहाबादेत जन्मलेल्या एका भारतीयाने. अभय भूषण हे कानपूरच्या आय.आय.टी.च्या पहिल्या तुकडीतले पदवीधर. १९६५ साली तेथून बाहेर पडून ते अमेरिकेस एम.आय.टी.मध्ये गेले. १६ एप्रिल १९७१ ह्या तारखेचे त्यांचे टिपण ‘आर.एफ.सी. ११४’ म्हणून प्रसिद्ध आहे. आर.एफ.सी. म्हणजे ‘आपली मते कळवावीत’ अशी विनंती करणारे पत्र. जाळ्याचे कायदे अशा विनंतीवजा पत्रांतून घडले, ही गोष्ट मला फार लोभस वाटते. भूषण ह्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, दूरच्या यंत्राच्या सगळ्या चालीरीती वापरणाऱ्याने का शिकाव्यात? त्याने आपल्याच यंत्राला सांगावे, आणि दोन यंत्रांनी ठरलेल्या बोलीत आपसांत बोलून फाइल आणावी वा पोचवावी. ह्या बोलीला एफ.टी.पी., म्हणजे फाइल पोचवण्याचा शिष्टाचार, असे नाव पडले. १९७२ व १९७३ साली तिचे सुधारित मसुदे निघाले, आणि १९८५ साली जॉन पोस्टेल व जॉयस रेनॉल्ड्स ह्यांनी ‘आर.एफ.सी. ९५९’मध्ये तिला दिलेले रूप पुढे रूढ झाले.

तिची घडण पाहण्यासारखी आहे. दोन यंत्रांमध्ये एक नव्हे, दोन मार्ग. एकावर नुसते बोलणे: मी अमुक, माझी खूण अमुक, मला ती फाइल हवी. दुसऱ्यावर फक्त माल. पेढीवर बोलणी चालली आहेत आणि मागल्या दाराने पोती उतरताहेत, असा हा प्रकार. माल उतरण्याआधी एक प्रश्न विचारला जाई: ही फाइल मजकुराची आहे की नुसत्या अंकांची? मजकुराची असेल तर ओळ कोठे संपते ह्याची खूण प्रत्येक यंत्राच्या चालीप्रमाणे बदलून द्यायची; अंकांची असेल तर एक बिटही हलवायचा नाही. हा प्रश्न विसरून कोणी चित्राची फाइल मजकूर म्हणून उतरवली, की ती पोचे पण उघडत नसे.

परवानगीच्या बाबतीत ह्या पद्धतीतून एक सुंदर रिवाज निघाला. विद्यापीठे आपल्या संगणकाचा एक कोपरा सर्वांना मोकळा ठेवीत. आत शिरताना नावाच्या जागी ‘अनामिक’ ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहायचा आणि परवलीच्या जागी, केवळ सौजन्य म्हणून, स्वतःचा ई-टपालाचा पत्ता. रस्त्याकडेच्या पाणपोईसारखी ही सोय होती. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ साली आपली नवी प्रणाली अशाच एका कोपऱ्यात ठेवायला दिली. त्याच्या मनात नाव वेगळे होते. पण कोपऱ्याची व्यवस्था पाहणाऱ्या आरी लेमके ह्यांनी कप्प्यावर परस्पर ‘लिनक्स’ अशी चिठ्ठी लावली, आणि तेच नाव जगभर झाले. फडताळावरच्या चिठ्ठीने आतल्या वस्तूचे बारसे करावे, हे दप्तरखान्यातच घडू शकते!

आता आपल्याकडे वळू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका केंद्रातून १९८५ साली एन.सी.एस.टी. ही स्वतंत्र संस्था निघाली. श्रीनिवासन रमाणी तिचे प्रमुख. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने, ‘अर्नेट’ हे शिक्षण-संशोधनाचे जाळे सुरू केले. त्यात एन.सी.एस.टी., बंगळूरची विज्ञान संस्था आणि त्या वेळच्या पाचही आय.आय.टी. होत्या. आरंभीच्या दुव्यांपैकी एक पवईच्या आय.आय.टी.शी, साध्या टेलिफोनवरून. पुढे १९८९ च्या सुमारास मुंबईहून अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यापर्यंत भाड्याची कायम तार मिळाली. तिचा वेग सेकंदाला ९६०० बिट. आजच्या श्रोत्याला हा आकडा काही सांगणार नाही, म्हणून हिशेब मांडतो. त्या काळची एक छोटी फ्लॉपी चकती, जिच्यात जेमतेम एका जाड कादंबरीचा मजकूर मावे, ह्या वेगाने उतरवायला वीस मिनिटांहून अधिक वेळ लागेल. तोही तारेवर दुसरा कोणी नसेल तर. आणि ह्या एका तारेवर देशभरचे संशोधक टेकलेले.

सरकारी कामासाठी ह्याच सुमारास ‘निकनेट’ उभे राहिले. त्याने जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे उपग्रहामार्फत दिल्लीशी जोडली आणि जिल्ह्याच्या दप्तरातले आकडे टपालावाचून वर जाऊ लागले. पण सामान्य नागरिकाला दार उघडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने इंटरनेटची सेवा सुरू केली तेव्हा. आणि तेही आधी मोठ्या महानगरांत. ज्या गावी केंद्र नव्हते तेथल्या माणसाने एस.टी.डी.चे दर मोजून परगावच्या केंद्राला टेलिफोन लावायचा.

त्यांतले स्वस्तातले खाते असे होते की आपला संगणक जाळ्यावर जातच नसे. निगमाचे यंत्र जाळ्यावर. आपण टेलिफोनवरून त्या यंत्राचे पाहुणे. त्यामुळे फाइल दोन टप्प्यांत उतरे. परदेशातून निगमाच्या यंत्रात, आणि तेथून पुन्हा टेलिफोनने आपल्या घरी. नाशिककरांना हे चटकन कळेल. आगगाडीने आलेला माल नाशिकरोडला उतरतो, शहरात नव्हे. तेथून पुढे टांगा, आणि एकेकाळी तर ट्रामही होती. हा दुसरा टप्पा पार पाडणारे टांगेवाले निराळे. शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन ह्यांनी १९७७ साली रचलेली ‘एक्समोडेम’ ही त्यांतली जुनी पद्धत. ती फाइलचे १२८ अक्षरांचे तुकडे करी. प्रत्येक तुकड्याबरोबर त्यातल्या अंकांची बेरीज धाडी. घेणारा स्वतः बेरीज करून पाही. जुळली तर ‘पोचले’, नाही तर ‘पुन्हा पाठव’. महाभारताच्या पाठशोधकांनी जे डोळ्यांत तेल घालून केले, तेच येथे अंकगणित करीत होते. १९८६ सालच्या ‘झेडमोडेम’ने आणखी एक सोय केली: तार मध्येच तुटली तर पुन्हा जोडल्यावर आरंभापासून नव्हे, तुटल्या जागेपासून पुढे. आपल्याकडच्या तेव्हाच्या टेलिफोनचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना ह्या सोयीची किंमत निराळी सांगायला नको.

परवानगी मिळाली, पडताळा झाला. मराठी माणसाची ठेच लागली ती मधल्या पायरीवर, संकेताच्या. एफ.टी.पी. जन्मली तेव्हा ‘मजकूर’ म्हणजे इंग्रजी मजकूर. देवनागरीसाठी भारतीय मानक संस्थेने १९९१ साली ‘इस्की’ हा संकेत मंजूर केला. पुण्याच्या सी-डॅकने त्यावर चालणारी साधने केली. त्याच वर्षी जागतिक ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या मसुद्यावर बेतलेली होती. एवढ्यावर सारे थांबले असते तर बरे. पण छापखाने आणि कचेऱ्या चालल्या त्या खासगी टंकांवर. प्रत्येक विक्रेत्याने आपल्या सोयीने ‘क’ला एक अंक दिला, ‘ख’ला दुसरा, वेलांटीला तिसरा. दुसऱ्याचा ‘क’ भलत्याच अंकावर. परिणाम असा की मुंबईहून धाडलेला लेख नाशिकला पोचे, बेरीज बिनचूक जुळे, एक बिटही हरवलेला नसे, आणि पडद्यावर मात्र इंग्रजी अक्षरे, उद्गारचिन्हे आणि चौकोन ह्यांचा खच. नक्कल तंतोतंत, वाचणारा निरक्षर.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. मोडी कागद वाचणारे कमी झाले हे आपण खेदाने बोलतो. पण मोडी कागद निदान डोळ्यांना दिसतो, आणि चार महिने शिकून वाचता येतो. १९९० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत मराठीत जे टंकले गेले—संस्थांचे अहवाल, स्मरणिका, पाक्षिके, पदवीचे प्रबंध—त्यांतले पुष्कळसे अशा टंकांत बंदिस्त आहे. टंक बनवणारा धंदा बंद, जुनी चकती वाचणारे यंत्र भंगारात. रूपांतर करणारी साधने आज आहेत आणि ती बरे काम करतात. पण त्यासाठी कोणीतरी ती फाइल वेळेवर उतरवून घ्यायला हवी आणि ती कोणत्या टंकात आहे हे सांगणारा माणूस जिवंत हवा. वाळवी निदान हळूहळू खाते. माझ्या मते नाशिकच्या प्रत्येक जुन्या संस्थेने आपल्या कचेरीतल्या चकत्या पहिल्याने तपासाव्यात, शंभर वर्षांचे कागद मागाहून. हे उलटे वाटेल, पण कागद थांबू शकतो.

एफ.टी.पी.चे पुढे काय झाले ते लवकर सांगण्याजोगे आहे. तिच्यात परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डासारखा जाई. पाणपोईच्या काळात त्याचे कोणाला काही वाटले नाही. जाळ्यावर चोर आले तेव्हा वाटले. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात परवलीचे शब्द चोरीस गेले आणि तेथल्याच टाटू युलोनेन ह्यांनी सगळे संभाषण कुलूपबंद करणारी ‘एस.एस.एच.’ ही पद्धत रचली. फाइली तिच्यातून जाऊ लागल्या. २०१७ साली लिनक्सच्या डेबियन संस्थेने आपली सार्वजनिक एफ.टी.पी. सेवा बंद केली, २०२१ साली क्रोम आणि फायरफॉक्स ह्या न्याहाळकांनी तिचा आधार काढून घेतला.

ह्या काळात मालाची दिशाही पालटली. नाशिकहून पुण्यास जाताना नारायणगाव लागते. त्याच्या एका अंगाला आर्वीचे उपग्रह केंद्र, १९७२ साली राष्ट्राला अर्पण झालेले आणि विक्रम साराभाईंचे नाव धारण करणारे. तेथल्या तबकडीतून देशाचे परदेशाशी बोलणे होई. दुसऱ्या अंगाला खोडद. गोविंद स्वरूप ह्यांनी तेथे उभारलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, पंचवीस किलोमीटरांच्या टापूत शेताशिवारांतून पसरल्या आहेत आणि काचतंतूंनी मधल्या इमारतीशी जोडलेल्या आहेत. २००२ पासून ही दुर्बीण जगभरच्या खगोलज्ञांना खुली झाली. आरंभी निरीक्षणांचे आकडे फितींवर भरून न्यावे लागत. आता ती निरीक्षणे पुण्याच्या केंद्रात साठवतात. निरीक्षण करणाऱ्याची राखीव मुदत संपली की ती कोणालाही मागता येतात, आणि खगोलज्ञांनी आपसांत ठरवलेल्या, १९८१ पासून चालत आलेल्या एकाच संकेतात मिळतात. त्यामुळे खोडदच्या शिवारावर टिपलेली आकाशगंगा हॉलंडातला विद्यार्थी आपल्या टेबलावर उतरवून घेतो, आणि त्याच्या पडद्यावर चौकोन उमटत नाहीत.