सर्कशीच्या पोस्टरांची सनद

एकोणिसाव्या शतकात मुंबईत उर्दू आणि फारसी किताबे मोठ्या प्रमाणावर शिळाछापावर निघत. नस्तालिक लिपी शिशाच्या खिळ्यांत नीट बसत नसे. कातिबाचे अक्षर दगडावर मात्र जसेच्या तसे उतरे. त्याच कलेचे रंगीत, अवाढव्य रूप त्या काळी अमेरिकेत सर्कशीच्या पोस्टरांत बहरले.

सिनसिनाटीची स्ट्रोब्रिज कंपनी या कामात अग्रगण्य होती. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. एका पूर्ण तावाचे माप साधारण 28 × 42 इंच. मोठी चित्रे अनेक ताव जोडून होत. सर्कशीच्या आधी तिची माणसे गावात येऊन गोठ्यांच्या आणि दुकानांच्या भिंतींवर हे ताव खळीने चिकटवत. भिंतीवरचे ताव उन्हापावसात गेले. आज संग्रहांत दिसतात ते बहुतेक न वापरलेले. अपवादही आहेत. व्हर्मांट राज्यातील कोलचेस्टर येथे 1991 मध्ये एका घराच्या बाहेरच्या फळ्यांखाली 1883 सालची सर्कशीची पोस्टरे चिकटलेली सापडली.

अशा कागदाची पारख कशी करावी? हदीसच्या अभ्यासात सनद आणि मतन दोन्ही तपासतात: सांगणारे कोण, आणि सांगितले काय. ही शिस्त आम्हाला येथेही उपयोगी वाटते.

सनद कागदाच्या कडांवर असते. खालच्या समासात छापखान्याचे नाव आणि पुष्कळदा हक्कनोंदणीचे साल असते. त्याखाली गाव, वार आणि तारीख सांगणारी वेगळी पट्टी जोडत. तिच्यावर साल बहुधा नसे. पण वार आणि तारीख जुळवली की थोडीच साले शिल्लक राहतात, आणि सर्कशीच्या दौऱ्यांच्या छापील नोंदी त्यातून एक निवडून देतात. चौकटीत बसावे म्हणून ही पट्टी आणि समास कापले की चित्र सुंदर राहते, साक्ष मात्र जाते. भिंगाखाली अस्सल शिळाछापात खडूचे अनियमित कण दिसतात. अलीकडच्या ऑफसेट नकलेत ठिपक्यांची सारखी जाळी दिसते.

बाजारात पोस्टरांची प्रत ए, बी, सी अशी ठरवतात. घडीच्या रेषा चालतात. खळीने कापडावर चढवलेला कागदही चालतो, कारण खळ पाण्याने सुटते. चिकटपट्टी आणि प्लास्टिकचे आवरण मात्र कागदाला घातक. सर्वांत फसवे ते नव्या रंगाने झाकलेले भोक: फाटका कागद निदान खरे सांगतो.

आता मतन. बार्नम अँड बेलीने 1916 मध्ये इराण आणि अलिफ लैला यांचा देखावा उभा केला. अशा पोस्टरांतले उंट, पगड्या आणि नर्तकी पाहून पूर्वेची माहिती घेऊ नये. तो तिकीट खपवण्याचा माल होता. पण त्याच सर्कशींत खरी मुसलमान माणसेही राबत होती. मोरोक्कोच्या सूस भागात सोळाव्या शतकातील सूफी सिदी अहमद ऊ मूसा यांना मानणाऱ्या कसरतपटूंची जुनी परंपरा आहे. तिच्यातले तांडे एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत पोचले. हसन बेन अली यांचा तांडा अमेरिकी सर्कशींत गाजला. माणसांवर माणसे चढून उभा राहणारा मनोरा ही या कसरतपटूंची ओळख. जाहिरातीत ते सरसकट ‘अरब’ होत. सूसचे बर्बर म्हणून त्यांना कोण ओळखणार?

या माणसांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. त्यांचा माग कोणत्या सर्कशीत, कोणत्या गावी, कोणत्या दिवशी एवढाच लागतो, आणि तो चित्रापेक्षा खालच्या पट्टीतच अधिक असतो. म्हणून रंग फिका असला तरी समास आणि पट्टी शाबूत असलेला ताव आम्ही वरचा मानतो. आपल्या ट्रंकांतल्या मुशायऱ्यांच्या आणि कव्वालीच्या जुन्या जाहिरातींनाही हाच न्याय लावावा: कडा कापू नयेत, चिकटपट्टी लावू नये, आणि कागद कोणाकडून आला ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे.