साथीच्या काळात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना जास्त धोका का असतो?

कोरोनाच्या काळात कान किंवा घसा दाखवायला गेलेल्या अनेकांना ‘आत्ता ऑपरेशन नाही, नंतर बघू’ असं ऐकावं लागलं. लोक चिडले. पण त्यामागे कारण होतं.

कोरोनाचा विषाणू सुरुवातीला नाकात आणि नाकामागच्या घशात भरपूर असतो आणि या डॉक्टरांचं कामच तिथं. तुम्ही ‘आ’ करता तेव्हा डॉक्टरांचा चेहरा वीतभर अंतरावर असतो. नाकात दुर्बीण घातली की शिंक येते, घशाला काही लागलं की ठसका. मोठे थेंब लगेच खाली पडतात, बारीक कण मात्र बंद खोलीत बराच वेळ तरंगतात. कानाचा आतला भागही नळीने घशाला जोडलेला, त्यामुळे कानामागचं हाड ड्रिलने कोरतानाही काळजी घ्यावी लागते. मार्च २०२० मध्ये ब्रिटनमधले कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. अमजेद एल-हवरानी कोरोनाने गेले. तिथं सेवेत असताना दगावलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी ते एक.

मग बचाव कसा करतात? थांबण्यासारखं ऑपरेशन पुढे ढकलायचं, बाकीच्यांची आधी आरटी-पीसीआर तपासणी करायची. साधा सर्जिकल मास्क इथं पुरत नाही, एन-९५ लागतो. तोही चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोग. दाढीमुळे फट राहते. शिवाय चष्मा किंवा फेसशील्ड, गाऊन आणि हातमोजे.

सगळ्यात अवघड काम म्हणजे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवणं. रुग्ण खोकू नये म्हणून त्याचे स्नायू औषधाने पूर्ण सैल करतात. श्वासनलिका उघडण्याच्या क्षणी व्हेंटिलेटर थोडा वेळ थांबवतात, नाहीतर हवा थेट डॉक्टरांच्या तोंडावर येते. खोलीत मोजकीच माणसं, आणि सुरी अनुभवी हातात.

२०२१ मध्ये आपल्या महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, रुग्ण वाढले. तेव्हा मात्र ऑपरेशन पुढे ढकलायची सोय नव्हती. बुरशी नाकातून डोळ्याकडे, मेंदूकडे सरकते. त्यामुळे हेच डॉक्टर दुर्बिणीतून सडलेला भाग काढत होते, तोही नुकताच कोरोना झालेल्या किंवा अजून असलेल्या रुग्णांच्या नाकातून.

‘ताप आहे म्हटलं तर बघणार नाहीत’ म्हणून काही जण ताप लपवतात. आधी सांगितलं तर डॉक्टर तयारीनिशी तपासतात. लपवलं तर तीच दुर्बीण साध्या मास्कवर हातात घेतली जाते.