मोठ्या हंड्याचा हिशेब

भांडं किती मोठं घ्यावं, हा प्रश्न वरवर बाजारातला. पण त्यात घरातल्या माणसांचा इतिहास दडलेला असतो. इंग्लंड-अमेरिकेत हौसेनं घरी बिअर बनवणारे पुष्कळ. त्यांनाही हा प्रश्न पडतोच. १९ लिटर बिअर हवी तर १९ लिटरचं पातेलं पुरत नाही. जवाचं गोडसर पाणी तासभर उकळावं लागतं. काही वाफेत जातं आणि फेस दुधासारखा उतू जायला बघतो. म्हणून ३० लिटरच्या आसपासचं भांडं घेतात. मग ते भरलेलं उचलायचं कुणी, हा पुढचा प्रश्न!

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हे काम प्रामुख्यानं बायकांचं होतं. जवाला मोड आणून, वाळवून, त्याचं 'एल' नावाचं पेय घरोघरी बने. घरचं भागलं की उरलेलं शेजारीपाजारी विकायचं. मात्र एल थोड्याच दिवसांत आंबून जाई. टिकतच नाही, तर मोठा हंडा घेऊन करायचं काय?

पंधराव्या शतकात नेदरलँड्सच्या बाजूनं आलेल्या कारागिरांनी हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडू फुलं, घालून बिअर बनवण्याची रीत तिथं रुजवली. हॉप्समुळे पेय टिकू लागलं. १५७४ साली रेनॉल्ड स्कॉटनं लिहिलं की, एक बुशेल माल्टमध्ये एल होते ८-९ गॅलन, तर बिअर १८ ते २० गॅलन. माल टिकतो म्हणून हंडा मोठा झाला आणि हंडा मोठा म्हणून भांडवल लागू लागलं. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवणं, कर्ज काढणं अवघड. १३०० ते १६०० या काळात हा धंदा बायकांच्या हातून कसा निसटला, हे जुडिथ बेनेट यांनी १९९६ साली ग्रंथरूपानं मांडलं आहे.

घरातली चूल मात्र विझली नव्हती. सोळाव्या शतकातच एसेक्समधला धर्मोपदेशक विल्यम हॅरिसन यानं आपल्या घरच्या बिअरचा जमाखर्च लिहून ठेवला. त्याची पत्नी मोलकरणींना घेऊन महिन्यातून एकदा बिअर बनवी. एका वेळी २०० गॅलन, म्हणजे ९०० लिटरच्या वर. माल्टचे १० शिलिंग, सरपणाचे ४, हॉप्सचे २० पेन्स, मसाल्याचे २ पेन्स, नोकरांची मजुरी अडीच शिलिंग. भांड्यांच्या झिजेचेही २० पेन्स त्यानं धरले. एकूण बरोबर २० शिलिंग. हंडा झिजतो, हे त्याला दिसलं. बायकोच्या हातांचा मात्र रकाना नाही.

पुढं ही घरची बिअर कायद्याच्या कचाट्यात सापडली. ब्रिटनमध्ये १८८० पासून लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केली आणि दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन बिअर करमुक्त झाली. अमेरिकी गॅलन थोडा लहान. तरीही ती माऊली एका महिन्यात त्याहून जास्त बिअर बनवत होती.

आज हौशी माणूस दुकानात उभा राहून पातेल्याची लिटरं मोजतो, शेगडीची ताकद बघतो, किंमत विचारतो. हॅरिसनच्या हिशेबात राहून गेलेला रकाना त्यानं आपल्या हिशेबात घ्यावा. भांडं मोठं झालं की घासायलाही जास्त वेळ लागतो.